आजीला कामाला लावा

महाशिवरात्र झाली की थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगतात. होळीच्या सुमारास भंडाऱ्याच्या चहूबाजूंना पळस पेटल्यासारखा फुलतो, मोहाखाली पहाटे फुलांचा सडा पडू लागतो आणि आंब्याच्या मोहोरात बारीक कैऱ्या दिसू लागतात. पुढे पाडवा झाला न झाला की ऊन असे तापते की दहा वाजल्यानंतर बाहेर पाय ठेवू नये. म्हणजे थंडी सरल्यापासून ऊन तापेपर्यंत मोजून चार-पाच आठवडेच आपल्या वाट्याला येतात. वऱ्हाड-विदर्भातला वसंत हा असा तोकडाच.

वसंत ऋतू आला की या सदरात कांजिण्या, सर्दी-खोकला आणि उन्हाळी लागणे यांवर लिहायचे, असा माझा दरवर्षीचा रिवाज. या आठवड्यात मात्र मी माझ्याच घरची एक हकीकत सांगणार आहे. त्यात चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो. डॉक्टर असूनही जी गोष्ट मला सहा महिने कळली नाही, ती वाचकांच्या घरी आज कळावी एवढाच हेतू.

खाटेचे दुखणे

२०२४ च्या श्रावणात माझी आई अंगणातल्या ओल्या फरशीवर घसरून पडली. वय चौऱ्याहत्तर. खुब्याचे हाड मोडले. नागपूरला नेऊन शस्त्रक्रिया केली. ती चांगली झाली. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून ती चार पावले चाललीही. आठवड्याने आम्ही तिला घरी घेऊन आलो.

खरे दुखणे सुरू झाले ते घरी आल्यावर. आम्ही सगळ्यांनी मिळून तिची इतकी सेवा केली की विचारता सोय नाही. चहा खाटेवर, जेवण खाटेवर, देवाची पोथी खाटेवर. पाण्याचा तांब्या उशाशी. ती उठू लागली की कोणीतरी ओरडायचेच, "आजी, उठू नका, पडाल!" व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट तीन आठवडे आले. पुढे आई म्हणाली, "आता पुरे, दुखते", आणि आम्हीही "राहू द्या" म्हटले. हाड तीन महिन्यांत जुळले, पण आई खाटेवरून उठली नाही.

संक्रांतीपर्यंत तिचे वजन सहा किलोने उतरले होते. जेवणावर वासना नव्हती, पोट साफ होत नव्हते. दिवसा डुलक्या आणि रात्री टक्क जाग. बोलणे कमी झाले. मी रक्त तपासले, हृदयाचा आलेख काढला, सगळे ठीक निघाले. झोपेची गोळी सुरू करण्याच्या बेतात मी होतो. एका रात्री ती छताकडे पाहत म्हणाली, "आता पवनी पाहीन ते राख होऊनच." पवनी हे तिचे माहेर. अस्थी तिथल्या वैनगंगेतच सोडाव्यात, हे तिने आम्हांला पूर्वीच सांगून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी पत्नी मला म्हणाली, "अहो, दवाखान्यात तुम्ही सगळ्यांना चालायला सांगता. मग आईंनाच का झोपवून ठेवलंय?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

वाचकहो, अंथरूण हे औषध आहे, पण ते थोड्याच मात्रेत घ्यायचे. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धडधाकट वृद्ध स्त्री-पुरुषांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो स्नायू झडले. ही दुखणे नसलेल्या माणसांची गत. आजारी माणसाचे काय होत असेल, याचा विचार करावा. स्नायू झडले की तोल जातो, तोल गेला की भीती वाटते, भीती वाटली की माणूस उठत नाही, आणि उठला नाही की आणखी स्नायू झडतात. हे रहाट असेच फिरत राहते. एकदा पडलेल्या वृद्धाला पुन्हा पडण्याची जी धास्ती बसते, ती मोडलेल्या हाडापेक्षा जास्त घातक ठरू शकते. आणि आपण घरचे लोक प्रेमापोटी त्या धास्तीला खतपाणी घालतो.

भेंडीचे बी

आईला उठवले ते मी नव्हे, माझ्या औषधानेही नव्हे. तिला उठवले भेंडीच्या बियांनी.

आमच्या घरामागे थोडीशी मोकळी जागा आहे. आई हिंडती-फिरती होती तेव्हा तिथे वांगी, सांभार, वालाचा वेल, कढीपत्ता असे काहीबाही असायचे. ती पडल्यापासून तिथे गवत माजले होते. २०२५ ची वसंतपंचमी फेब्रुवारीच्या दोन तारखेला होती. त्याच आठवड्यात तिसरीतल्या आमच्या धाकट्याला शाळेत 'बी रुजवून पाहा' असे काम दिले होते. त्याने भेंडीचे बी आणले आणि आजीच्या खिडकीसमोरच काडीने खड्डे करून पेरायला बसला.

आई खाटेवरून पाहत होती. थोडा वेळ गप्प राहिली. मग तिच्याने राहवेना.

"काय करून रायला रे बाबू? एवढं खोल गाडशील तर ते वर येईल कधी?"

"मग किती खोल आजी?"

"बोटाचं अर्धं पेर. आणि रात्रभर भिजवलं का बी?"

नाही म्हणताच ती चिडली. "तुमच्याच्यानं काही होत नाही. नेऊन द्या मले तिथं."

सहा महिन्यांत ती पहिल्यांदाच आपणहून 'नेऊन द्या' म्हणाली होती. पत्नीने वॉकर समोर ठेवला, एका बाजूने मी धरले. खाटेपासून मागच्या दारापर्यंत अकरा पावले. तिला ती चालायला पाच मिनिटे लागली आणि धाप लागली. दारात खुर्ची टाकून दिली. तिथे बसून तिने नातवाकडून सगळे खड्डे पुन्हा करून घेतले.

त्या दिवशी मला जे समजले ते असे. आम्ही आईला आराम दिला, फळे दिली, औषधे दिली, पण काम दिले नव्हते. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते आहे, ही भावनाच आम्ही तिच्यापासून काढून घेतली होती. नातवाच्या चुकलेल्या पेरणीने ती तिला परत मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून मुलांना मी सांगून टाकले, की बागेत काय, कुठे, केव्हा लावायचे ते आजीला विचारायचे. मुलांनी ते अक्षरशः पाळले. दिवसातून पाच वेळा "आजी, पाणी घालू का?", "आजी, हे गवत की रोप?" असा धोशा सुरू झाला. प्रत्येक प्रश्नाला आई दारापर्यंत येऊ लागली. फेब्रुवारीत आपल्याकडे भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, लाल माठ असे पुष्कळ काही पेरता येते. भेंडी आणि गवार उन्हाला दाद देत नाहीत. लाल माठ महिन्याभरात कापणीला येतो, म्हणून मुलांसाठी तो उत्तम. आठवड्याभरात भेंडीची जोडपाने वर आली, तेव्हा आई दारातून उतरून वाफ्याशी गेली होती.

फाटकापर्यंत चाळीस पावले

भावनेच्या भरात मी वैद्यकी विसरलो नाही, हेही सांगायला हवे. खुब्याचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला नुसते "चला, उठा" म्हणून चालत नाही. आम्ही काही गोष्टी आधी केल्या.

पहिली, रक्तदाब निजलेला आणि उभा असा दोन्ही वेळा मोजला. उभी राहताच आईचा दाब बराच खाली येत होता, म्हणून तिला गरगरत होते. तिची रक्तदाबाची गोळी पूर्वीच्या वजनाला आणि खाण्याला ठीक होती, आता जास्त होत होती. तिच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ती कमी केली. वाचकांनी मात्र गोळी आपल्या मनाने कमी करू नये किंवा बंद करू नये.

दुसरी, झोपेच्या गोळीचा विचार सोडून दिला. झोपेच्या गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो आणि रात्री लघवीला उठताना ते पडतात. दिवसभर बागेत वेळ जाऊ लागला तशी आईला रात्रीची झोप आपोआप येऊ लागली.

तिसरी, घर तपासले. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, पायपुसणी काढली, खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवला. मागचे पट्टे असलेल्या चपला आणल्या. मोतीबिंदू वाढला आहे का, ते पाहून घेतले.

चौथी, हाडांची काळजी. म्हातारपणी साध्या पडण्याने खुबा मोडला, तर हाडे ठिसूळ झाली आहेत असे समजावे. नुसते मोडलेले हाड जोडून भागत नाही. दुसरे हाड मोडू नये म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ठिसूळपणावरची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी लागतात. पुष्कळ घरांत हे राहूनच जाते.

पाचवी, आहार. वृद्धांना वाटते, आता काय खायचे, पेज पुरे. उलट या वयात झडलेले स्नायू भरून यायला प्रथिने जास्त लागतात. एक किलो वजनामागे रोज निदान एक ग्रॅम, असा ढोबळ हिशेब आहे. वरण, मूग-मटकीची उसळ, दही, फुटाण्यांचे पीठ, आणि चालत असेल तर अंडी आणि आपल्या तलावांतले मासे. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

एवढे झाल्यावर व्यायाम. आईला 'व्यायाम' हा शब्द आवडत नाही, म्हणून आम्ही तो उच्चारलाच नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि बसायचे, हा पायांसाठी सर्वांत चांगला व्यायाम. आईकडून तो रोपे पाहण्याच्या निमित्ताने होऊ लागला. पहिल्या दिवशी दोनदा, महिन्याने दहा वेळा. दाराची चौकट धरून एका पायावर क्षणभर उभे राहणे हा तोलाचा व्यायाम नातीने खेळ म्हणून शिकवला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यात मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी असे म्हटले आहे. पासष्टीपुढच्यांनी त्याशिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारी हालचाल करावी, असेही त्यात आहे. बागकाम हे त्यात चांगले बसते.

फेब्रुवारीच्या अखेरीस आई घरापासून फाटकापर्यंत चाळीस पावले चालली. महाशिवरात्रीच्या गर्दीत नको, म्हणून दोन दिवस थांबून आम्ही तिला ऑटोने खांबतलावाजवळच्या बहिरंगेश्वराच्या दर्शनाला नेले. तलावाच्या काठी ती अर्धा तास बसली. येणारे-जाणारे ओळखीचे लोक "काकू, बऱ्या झालात का?" असे विचारत होते. सहा महिन्यांनी गावाने तिला पाहिले आणि तिने गावाला. घरी आल्यावर तिने स्वतःहून दुसरी पोळी मागितली.

ऊन किती, केव्हा?

या सदराच्या वाचकांकडून नेहमी एक प्रश्न येतो, 'ड जीवनसत्त्वासाठी सकाळचे कोवळे ऊन चांगले ना?' सूर्योदयाचे ऊन अंगाला सुखावते, झोपेचे घड्याळ नीट लावते, ते जरूर घ्यावे. पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य बराच वर आल्याशिवाय आपल्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. सोपी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, म्हणजे ते किरण येऊ लागले. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे दहाच्या आसपास हे घडते. त्या वेळी हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे बसावे, डोके झाकून. म्हणूनही हा ऋतू मोलाचा. एप्रिल लागला की त्याच वेळचे ऊन वृद्धांना बाधते. वृद्धांच्या कातडीची हे जीवनसत्त्व बनवण्याची शक्तीही कमी झालेली असते, तेव्हा केवळ उन्हावर विसंबू नये, डॉक्टरांनी दिलेली मात्रा घ्यावी.

मुलांनाही या बागेचा लाभ झाला. दिवसभर घरात पुस्तक नाहीतर मोबाईल डोळ्यांसमोर धरणाऱ्या मुलांना लांबचे कमी दिसण्याचा चष्मा लवकर लागतो. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या शाळांत मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा बाहेर उजेडात नेले, तेव्हा नव्याने चष्मा लागणाऱ्या मुलांचे प्रमाण कमी झाले. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. आमचा धाकटा आजीच्या हुकमाखाली रोज तासभर बाहेर असायचा. कोणी त्याला 'मोबाईल ठेव' असे म्हटले नाही, तरी तो ठेवला जायचा.

पवनीचा घाट

धुलिवंदन झाले. मुलांनी पळसाची फुले रात्रभर पाण्यात भिजवून केशरी रंग केला आणि आजीच्या कपाळाला लावला. तिने हळूच विचारले, "पवनीले जाता येईल का रे?"

मी नाही म्हणणार होतो. रस्ता पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरचा, ऊन वाढलेले. पण आता 'नाही' म्हणायची सवय मोडायचीच असे मी ठरवले होते. धुलिवंदनानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला आम्ही निघालो आणि अकराच्या आत परत यायचे ठरवले. सोबत पाणी, ताक, गुळाची पोळी, छत्री आणि वॉकर.

पहेला, अड्याळ असे एकेक गाव मागे पडत होते. एका बाजूला उन्हाळी धान हिरवेगार, दुसऱ्या बाजूला पळस लाल. वाटेत दोनदा गाडी थांबवून आईला उतरवले, चार पावले चालवले. लांब बसून राहिल्याने पाय सुजतात आणि सांधे आखडतात, म्हणून हे करावेच. पवनी जवळ आली तशी मिरचीच्या सातऱ्यांवरचे लाल ढीग दिसू लागले. खिडकीतून ठसका आला आणि आई हसली. म्हणाली, "आलं गाव."

पवनी हे मोठे जुने गाव. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले आणि दोन हजार वर्षांहून जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. आई तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची, लग्न व्हायचे होते. मैत्रिणींबरोबर ती ते खोदकाम पाहायला जायची. हे तिने आम्हांला कधीच सांगितले नव्हते. त्या दिवशी गाडीत नातवंडांना सांगितले, की माती ब्रशने कशी झाडायचे, पोरींनी जवळ गेले की कसे हाकलायचे. सातवीतली नात इतिहासाच्या पुस्तकाकडे पाहावे तशी आजीकडे पाहत राहिली.

घाटावर पोचलो तेव्हा साडेसात झाले असतील. गोसेखुर्द धरणाच्या खालच्या बाजूला असल्यामुळे इथे पाणी धरणातून सोडतील तसे कमीजास्त असते. त्या दिवशी ते पायऱ्यांपासून लांब होते. आई वरच्या पायरीवर वॉकर धरून उभी राहिली. पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग वॉकर बाजूला सारून माझा हात धरला आणि एक पायरी उतरली. मी पुढे, मुलगी मागे. ती पायऱ्या मोजत होती. सातवीवर थांबली आणि खाली बसली.

"बस. इथूनच दिसते."

पाण्यापर्यंत जायचे का, असे मी विचारले. ती म्हणाली, "आज नाही. परत वर चढाचं हाये ना." एवढा शहाणपणा मला सहा महिन्यांपूर्वी सुचला असता तर! किती जायचे, कुठे थांबायचे, हे त्या माणसाला ठरवू द्यावे. आपण फक्त हाताशी असावे.

धाकटा खाली जाऊन ओंजळीत पाणी घेऊन आला. वर येईपर्यंत निम्मे सांडले होते. उरलेले त्याने आजीच्या पायांवर घातले. अकराला दहा मिनिटे असताना आम्ही घरी पोचलो. आई दमली होती, दुपारी गाढ झोपली. पायाला थोडी सूज होती, ती संध्याकाळी उतरली. त्यानंतर राख होण्याची भाषा तिच्या तोंडून मी ऐकली नाही.

पाडव्याची भाजी

२०२५ चा पाडवा तीस मार्चला होता. गुढी उभारली, मुलांच्या गळ्यात गाठ्या घातल्या, कडुनिंबाचा पाला तोंड वाकडे करत सगळ्यांनी खाल्ला. बागेत भेंडीला पहिली बोंडे लागली होती, मोजून चौदा. आईने ती स्वतः खुडली आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून स्वतः परतली. पाच माणसांत चौदा भेंड्या म्हणजे किती वाट्याला येणार! पण तशी भाजी मी अलीकडे खाल्ली नाही.

आज आईच्या हातात वॉकरऐवजी काठी आहे. ती पूर्वीसारखी झाली असे मी म्हणणार नाही. खुब्याच्या हाडातून पूर्वीसारखे होणे पुष्कळांना जमत नाही. पण ती घरात वावरते आणि बाग तिच्या हुकमाने चालते.

आपल्या घरी काय कराल?

ज्यांच्या घरी पडून राहिलेले वडीलधारे माणूस आहे, त्यांनी हे चार-पाच आठवडे वाया घालवू नयेत. बागेला जागा नसेल तर तेलाचे जुने डबे, फुटके माठ, सिमेंटच्या पिशव्या चालतील. खाली भोके पाडावीत. निम्मी माती, निम्मे शेणखत घ्यावे. डबे कमरेइतक्या उंचीवर ठेवावेत, म्हणजे वाकावे लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळून खावे, तिच्यातले लोह अंगी लागते.

काही पथ्ये मात्र पाळावीत. माती हाताळताना जखम झाली तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. विटा-लाकडांच्या ढिगाखाली उघडा हात घालू नये, या दिवसांत विंचू-साप बाहेर निघतात. कुंड्यांखालच्या ताटल्या, टाकी आणि कूलर आठवड्यातून एकदा कोरडे करावेत, नाहीतर डेंग्यूचे डास आपल्याच घरात वाढतात. घरच्या भाजीवर विषारी औषधे फवारू नयेत.

सहलीसाठी लांब जायला नको. गावात असाल तर खांबतलाव आहे, कारध्याला वैनगंगेचा काठ आहे. थोडे पुढे गेलात तर रावणवाडीचा जलाशय आहे. पायांत बळ असलेल्यांनी तुमसरकडचा अंबागड किल्ला चढावा. कोका अभयारण्य २०१३ साली घोषित झाले, ते भंडाऱ्यापासून जवळच आहे. तिथे मात्र वनखात्याचे नियम पाळावेत. मोहाच्या दिवसांत अस्वले फुले खायला येतात, म्हणून जंगलात पायी हिंडू नये. सकाळी लवकर निघावे, ऊन चढायच्या आत परतावे, पाणी उकळलेले सोबत न्यावे. चालताना छातीत दुखले, धाप लागली किंवा गरगरले, तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एखादे काम द्या. खोटे नव्हे, खरे. त्यांनी ते केले नाही तर घराचे अडेल असे. भेंडी किती खोल पेरायची, लोणच्याच्या कैऱ्या केव्हा उतरवायच्या, हे त्यांना विचारा आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे करा. हात द्यायला मात्र जवळ उभे राहा.